चार टक्क्यांची घाई

ध्वनिविभागात त्यांना सगळे चारटक्के म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. जुने सिनेमे सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतात आणि त्यांच्या टीव्ही वाहिनीला पंचवीस लागत. मग यंत्र काय करतं, सिनेमाच जरा जोरात पळवतं. चित्रातलं कुणाच्या लक्षात येत नाही, पण आवाज चार टक्क्यांनी भरभर येतो आणि वर चढतो. भारदस्त न्यायाधीश फाशीची शिक्षा सुनावतो ती बस चुकत असल्यासारखी. हा चढलेला सूर उतरवून जागेवर बसवणं हे चारटक्क्यांचं काम. बाकीचे पडद्यावरच्या एका चौकोनात खूण करून चहाला जात. चारटक्के खूण करून वर पूर्ण सिनेमा ऐकत.

त्याला कान लागतात, असं ते येताजाता म्हणत, आणि समोरच्याला ते नाहीत हेही सुचवत. साहेबांचे कान लाकडाचे, निवेदिकेचे दागिन्यांपुरते, बायकोचे शेजारच्या भिंतीला लागलेले. पाहुण्यांकडे गेले की टीव्ही बंद करायला लावत, कारण दुसऱ्या वाहिन्यांनी सूर उतरवलेला नसे आणि यांच्या डोक्यात तिडीक जाई. लोक हळूहळू बोलवेनासे झाले.

वडील नव्वदीचे झाले त्या रविवारी घरात आईची फिल्म लागली. तशी ती दर रविवारी लागे. मामाने जुन्या कॅमेऱ्यावर घेतलेली तीन मिनिटं: आई खिडकीशी बसून शर्टाला बटण लावतेय आणि भावाला म्हणतेय, माझं काय काढतोस, यांना घे की. आई गेली त्या वर्षी, नोकरीत नवे असताना, चारटक्क्यांनीच ती ऑफिसच्या यंत्रावर टीव्हीवर बघण्याजोगी करून आणली होती. त्यालाही तेवीस वर्षं झाली.

फिल्ममध्ये आईच्या मागचं घड्याळ वाजलं, आणि पाठोपाठ खोलीतलं तेच घड्याळ वाजलं. चारटक्क्यांच्या भुवया वर गेल्या. दोन्ही ठोक्यांचा सूर एक नव्हता. घड्याळ बिघडलंय, त्यांनी निकाल दिला, आणि कुणाला कळलं नाही याबद्दल घरादाराची कीव केली.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी आला. घंटेवर दोनदा टिचकी मारून म्हणाला, "घड्याळ मागे पडतं, बंद पडतं. पितळेचा सूर कसा उतरेल? दुसरंच काही चढलंय का बघा."

चारटक्क्यांनी त्याला बाहेर काढला आणि तडक ऑफिस गाठलं. फिल्म मोजली. बरोबर चार टक्के. ज्या चौकोनासाठी त्यांनी अर्ध्या विभागाला रडवलं होतं, तो चौकोन तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः रिकामा सोडला होता. ते खुर्चीत बसून राहिले. त्यांना मनापासून लाज वाटली.

या वेळी त्यांनी नुसता सूर उतरवला नाही, चित्रालाही त्याचा मूळ वेग दिला. तीन मिनिटांतले गेलेले सात सेकंद परत आले. रविवारी काही न सांगता त्यांनी ती फिल्म लावली. आई सावकाश, जाडसर आवाजात बोलू लागली. यंत्र सांगत होतं की हाच आवाज खरा, पण चारटक्क्यांना तो कुणा परक्या बाईचा वाटत होता.

वडील मात्र खुर्चीत पुढे सरकले. फिल्म संपली.

"आज आली बघ ती," मग म्हणाले. "एरवी कुठेतरी जायचं असल्यासारखी बोलायची."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत, बाबा?"

"तुझे कान पक्के," वडील म्हणाले. "मला वाटलं, मीच तिचा आवाज विसरलो."