रोममधली पाणपोई

रोमच्या त्या दुपारी मी पाण्याची बाटली हातात घेतली, किंमत पाहिली आणि ती परत ठेवली. "मला काही एवढी तहान नाही," मी बायकोला म्हणालो. "मलाही नाही," ती म्हणाली. सकाळपासून आम्ही एकमेकांना हेच सांगत होतो. तिकिटांत, मुक्कामात काटकसर करून झाली होती. आता ती घशापर्यंत आली होती.

कोपऱ्यावर एका लोखंडी खांबाच्या नळातून पाणी वाहत होतं. ते पिण्याचं नसणार, असं धरून आम्ही दोनदा पुढे गेलो होतो. तिथे भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी थांबली. तिने नळाचं तोंड बोटाने दाबलं, तशी वरच्या बारीक भोकातून धार उसळली. ती प्यायली, आणि आमच्याकडे बघून मानेनेच 'या' म्हणाली.

आमच्या गावी एसटी स्टँडवर उन्हाळ्यात पाणपोई असायची. तिथली बाई 'तुम्ही कोण, कुठले' असं काही न विचारता ओंजळीत पाणी ओतायची. परक्या गावात आपण दिवसभर किंमतच विचारत फिरतो, म्हणूनच ते परकं राहत असेल. इथे काहीच विचारावं लागलं नाही. फार हलकं वाटलं.

म्हातारी गेल्यावर नळावर बोट मी धरलं. बायको प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली, तिसऱ्यांदा वाकली.

"तहान नव्हती ना तुला?"

"नव्हतीच," ओढणीने तोंड पुसत ती म्हणाली. "सरका, आता बोट मी धरते. तुम्हालाही नाहीये ना? मग पोटभर प्या."