मेन खाली करायच्या आधी

आमच्या बेंबळीच्या घराचा एक नियम आहे. शेताकडं निघताना मेन स्विच खाली. मागं एकदा शॉर्टसर्किटनं कडब्याची गंजी पेटली, तेव्हापासून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हा नियम कधी चुकवला नाही.

दुपारचं जेवण झालं की मामा म्हणायचे, "लाव गं तांबड्याला." तांबडा त्यांचा बैल. तो गेला, पण पोळ्याला मिरवतानाचा त्याचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर होता. ज्या मोबाईलवर मी तो काढला, तो विहिरीत पडला. एवढाच काय तो तांबडा उरलेला. रोज बघायचे आणि रोज म्हणायचे, "चाल बघ कशी हाय." मग मी कॉम्प्युटर बंदला लावून चपला घालायची आणि आम्ही दोघं शेताकडं निघायचो.

हळूहळू कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, डिस्क तपासत बसायचा. एके दिवशी सुरूच होईना. त्या रात्री मामा अर्ध्या ताटावरून उठले. माझं डोकं सटकलं. नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या गेमनीच वाट लावली." मामाही म्हणाले, "व्हय, ह्याचंच काम." नवरा बिचारा कॉम्प्युटरच्या डब्याच्या वायरी सोडवत बसला.

डबा मांडीवर घेऊन एसटीनं धाराशिव गाठलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "डिस्क चांगली हाय ताई, आतल्या फायलींची मांडणी बिघडलीय. बंद करताना पडदा काळा झाला तरी आत लिहिणं चालू असतं. तेवढ्यात लाईट जाते का?"

"न्हाय हो, दुपारी असते की लाईट," म्हटलं, आणि बोलता बोलता कानात वाजलं, खट्. मी चपला घालतेय आणि मामा मेन खाली करतायत. रोज. दुकानात एकटीच हसत सुटले.

तांबडा सुखरूप निघाला. घरी लावला तेव्हा मामा नुसते डोळे पुसत होते. मग मी खरं काय ते सांगितलं.

"म्हंजी म्याच?"

"व्हय मामा, तुम्हीच."

नवऱ्याला त्या दिवशी दुधावरची साय मिळाली, मामांच्या हातची.

आता पेनड्राइव्हवर दुसरी प्रत आहे, तसं मामांना दहादा सांगून झालंय. तरी दुपारी ते मेन स्विचपाशी उभे राहतात, डब्यावरच्या बारक्या दिव्याकडं बघत.

"चला की मामा, ऊन कललं."

"थांब जरा. त्याला नीट बसू दी."