फ्रीजमधले खड्डे

थंडीत सारे जीवन थांबते, असे आमचे विभागप्रमुख दर खंडेनवमीला प्रयोगशाळेच्या फ्रीजला हार घालताना गंभीरपणे सांगत. परवा घरी मासे ठेवलेल्या फ्रीजचे दार उघडले आणि कोल्हापुरातली ती दसऱ्याची सुट्टी आठवली. माझी एक मैत्रीण थंड समुद्रातल्या शेवाळावर राहणाऱ्या जीवाणूंचे एन्झाइम शोधत होती. त्यावरच तिची पीएचडी होती. आमच्या मातीतले जीवाणू फ्रीजमध्ये निपचित पडतात, म्हणून त्याच सवयीने तिने पूजेआधी या समुद्री जीवाणूंच्याही, त्यांना वाढवायच्या जेलीने भरलेल्या बशा आत ठेवल्या आणि आम्ही कुलूप लावून घरी गेलो. सुट्टीनंतर फ्रीज उघडला, तर समुद्रापासून इतक्या लांब खोलीभर समुद्राचा वास सुटला. बशांची झाकणे जशीच्या तशी होती, पण आतल्या घट्ट जेलीत डोळ्यांच्या खोबण्यांसारखे खड्डे पडले होते, एकाशेजारी एक, सगळे आमच्याकडे वळलेले. “ताई, कुलूप तर हाय तसंच हाय,” शिपाईमामा दारातूनच म्हणाले, “मग आत जेवतंय कोण?” मैत्रीण रडवेली झाली. “माझी तीन वर्षं खाल्ली की ह्यांनी!” विभागप्रमुखांनी दार लावले आणि जरा थांबून पुन्हा हळूच उघडले. खड्डे तिथेच होते. मग मैत्रीणच डोळे पुसून एका बशीवर वाकली. थंड समुद्रातल्या त्या जीवाणूंना फ्रीज म्हणजे घरच होते; जेली समुद्री शेवाळापासूनच करतात आणि ती पचवणारे एन्झाइमच तिला हवे होते. त्या खड्ड्यांवर तिला पीएचडी मिळाली. त्या फ्रीजला अजूनही हार घालतात, पूजेचे पेढे मात्र शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवतात.