प्रतीक्षाच्या लग्नाचा कॅमेरा

आकाशाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे फोटो कमी आणि किस्से जास्त साठतात. फोटो बिघडला की किस्सा तयार! आमचे बहुतेक सगळेच बिघडले, त्यामुळे किस्स्यांना तोटा नाही. कारखान्यात चहाच्या वेळी मी सांगायला लागलो की मंडळी पोट धरून हसतात. मी मात्र शेवटचा किस्सा यायच्या आत कप घेऊन उठतो. त्या किस्स्याची मला अजून लाज वाटते.

आमचं टोळकं तिघांचं. मी बेटेगावला राहतो, बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. वानखडे मूळचा अमरावतीचा, नोकरीसाठी तारापूरला आलेला. यूट्यूबवर बघून तो जगातली कुठलीही वस्तू उघडू शकतो. तिसरे नंदूदादा राऊत. सफाळ्याच्या पुढे त्यांची केळी आणि पानवेलीची वाडी आहे. तिथे अंधार चांगला, म्हणून आम्ही आमची छोटी दुर्बीण तिथे लावायचो. दुर्बीण आमची, कॅमेरा मात्र नंदूदादांचा. त्यांच्या मेव्हण्याने तो दुबईहून पाठवला होता, खास भाचीच्या, म्हणजे दादांच्या मुलीच्या, प्रतीक्षाच्या लग्नासाठी.

"न्या, वापरा," नंदूदादा म्हणाले. "पन लग्नाला जसाच्या तसा पायजे. मामानं पोरीसाठी पाठवलाय, दुसरा फोटोग्राफर मी आननार नाय."

"दादा, जिवापाड जपू!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

*

दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवायची तर तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. आमच्याकडे ध्रुव आधीच खाली, त्यात उत्तरेला बोईसरचा झगमगाट. तो दिसायची मारामार! पण एका संध्याकाळी वानखडेला तो चटकन सापडला. चांगला ठळक! घाम गाळून अक्ष लावला, फोटो घेतले, तर प्रत्येक ताऱ्याची शेवई झालेली. पुन्हा लावला, पुन्हा शेवया. मी वानखडेवर खेकसलो, तो माझ्यावर. इतक्यात गावातली लाइट गेली आणि ध्रुवही गेला!

"तो टाकीवरचा बल्ब हाय," नंदूदादा अंधारातून म्हणाले. "मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

*

खाडी जवळ असल्यामुळे दव असं पडतं की दुर्बिणीची काच बघता बघता आंधळी होते. उपाय म्हणून प्रतीक्षाचा हेअर ड्रायर मागून आणला. घरातून लांब वायर ओढली, बटण दाबलं आणि फट्! अख्ख्या घराचा फ्यूज उडाला. आत टीव्ही बंद, पंखे बंद, वहिनींची भाकरी तव्यावर.

प्रतीक्षा मोबाईलचा टॉर्च घेऊन बाहेर आली. म्हटलं, आता खरडपट्टी निघणार. तर ती म्हणते, "ड्रायर मरू दे काका, कॅमेरा ओला नाय ना झाला?"

खरं तर तेव्हाच तो परत करायला हवा होता. आम्ही तिने केलेला चहा प्यायलो आणि पुन्हा कामाला लागलो.

*

फोटोतले धुळीचे डाग काढायचे असतील तर सकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून काही कोरे फोटो घ्यावे लागतात. नेमकं कापड घरी राहिलं. वानखडे कसला थांबतोय! त्याने अंगातलं बनियन काढलं आणि दुर्बिणीला चढवलं. सुरकुती पडू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून डोळे मिटून, उघडाबंब उभा राहिला.

पानं खुडायला निघालेल्या बायका बांधावरून जात होत्या. त्या थांबल्या. एकीने तर चप्पल काढून नमस्कार केला!

दुपारपर्यंत गावात बातमी, की नंदूच्या वाडीत कसलीतरी पूजा चालते. नंदूदादांनी दुकानात जाऊन दहा जणांना समजावलं. आम्हाला एवढंच म्हणाले, "पोरीच्या सासरी नाय कळलं म्हंजे मिळवली."

*

एकदा मला फोटोत नवा तारा सापडला. नकाशात नाही! पुढच्या फोटोत आहे, त्याच्या पुढच्यातही आहे. मी कामावरूनच नंदूदादांना फोन लावला.

"पोरीचं नाव देता येल काय त्याला?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला नाही म्हणवेना.

"बघू या ना दादा!" मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, व्याह्यांचा अभिनंदनाचा फोनही येऊन गेला. मग वानखडेने दुर्बिणीला झाकण लावून एक फोटो काढला. नवा तारा त्यातही होता! कॅमेऱ्यातलाच एक ठिपका पेटून बसला होता, दुसरं काही नाही.

"मंग आता व्याह्यांना काय सांगू?" नंदूदादांनी विचारलं. मी खाली बघत वायर गुंडाळत राहिलो.

*

एवढं झाल्यावर त्यांना निदान एक धड फोटो द्यायचाच, असं आम्ही ठरवलं. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा. तो लाल असतो, पण साध्या कॅमेऱ्यात ती लाली पुरती उतरत नाही. कॅमेऱ्याच्या पोटात एक पातळ काच असते, ती लाल उजेड अडवते.

"काच काढू," वानखडे म्हणाला.

"अरे, लग्नाचा कॅमेरा आहे!"

"काऊन भेतं बे? फोटो काढू आन् परत बसवू. चार स्क्रू तं आहेत!"

त्याने काढली. आणि काय सांगू, तेजोमेघ लालबुंद उतरला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं. मग काच परत बसवायला घेतली आणि ती वानखडेच्या बोटांत तडकली.

नवी मागवली. ती यायच्या आत लग्न आलं. नंदूदादांचा पुतण्या हितेश येऊन कॅमेरा घेऊन गेला.

"तू सांग दादांना," मी म्हणालो.

"तू सांग. तुले बोलता येते."

कोणीच सांगितलं नाही.

हळदीच्या दिवशी हितेश कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. "काका, सगळं लालसर का दिसतंय?"

"मांडवाच्या कापडाचा रंग पडतोय," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही. त्याचा विश्वास बसला, आणि तो पुन्हा फोटो काढायला पळाला. आम्ही दोघं पार टोकाच्या पंगतीत जाऊन बसलो.

*

लग्नानंतर प्रतीक्षा आणि जावई माहेरी आले. अल्बम छापून आला होता. नंदूदादांनी आम्हाला आवर्जून बोलावलं. न जाऊन सांगता कोणाला! ओटीवर व्याही होते, विहीणबाई होत्या, दुबईचा मामाही होता. आम्ही दाराशी टेकलो.

पहिलंच पान उघडलं आणि माझे कान तापले. केळीची पानं गुलाबी. जावयाचा काळा कोट मरून रंगाचा. प्रतीक्षाच्या अंगावरची हळद शेंदरी, तोंड उन्हात भाजल्यासारखं.

"कोट तर काळाच होता ना रे?" विहीणबाईंनी मुलाला विचारलं.

"कॅमेरा मी चांगलाच घेतलेला," मामा प्रत्येक पानाला म्हणत होता. "चांगला बघूनच घेतलेला."

 नंदूदादा आमच्याकडे बघत नव्हते. प्रतीक्षा एकेक फोटोवरून बोट फिरवत होती.

हितेशने कॅमेऱ्यातल्या कार्डावरचं सगळंच छापायला दिलं होतं. हळदीचं पान उलटलं आणि समोर आमचा तेजोमेघ! पूर्ण पानभर.  वानखडे बाहेर चपला शोधायला लागला.

प्रतीक्षाने त्याच पानावर उघडा अल्बम उचलला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"काका," ती म्हणाली, "ह्याच्यात रंग बरोबर आलाय."