दोन्ही बाजूंनी लावणारे वाल्मीकराव

रोज सकाळी सव्वासहाला वाल्मीकराव आहेर दुधाच्या पातेल्यात काचेची नळी सोडत. दुधात पाणी किती ते सांगणारी ती नळी त्यांनी नाशकातून मुद्दाम विकत आणली होती. दूधवाला मल्हारी दारात किटली धरून उभा राही. नळी डोलायची थांबेपर्यंत दोघंही तिच्याकडे बघत. मग वाल्मीकराव डोळा दुधाच्या रेषेत यावा म्हणून गुडघ्यांवर बसत, आकडा वाचत आणि म्हणत, "ठीक." एकोणीस वर्षांत तो आकडा एकदाही घसरला नाही, आणि आता पुरे असं वाल्मीकरावांनाही एकदाही वाटलं नाही.

"साहेब, एखाद्या दिवशी माझं रक्तच तपासा," मल्हारी म्हणे.

"त्यातही पाणी निघेल," वाल्मीकराव म्हणत, आणि हा विनोद होता हे समोरच्याला कळावं म्हणून जरा थांबत.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते यंत्रांच्या नोंदी ठेवायच्या कामावर होते. कॉलनीत त्यांची खोली तळमजल्यावर, आमच्या समोर. पहाटे चिमण्यांचा धूर क्षणभर गुलाबी होतो आणि मग दिवसभर राखाडीच राहतो, हे मी त्यांच्याच ओट्यावरून पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं की नाही, ठाऊक नाही. वर बघून काही हाती लागत नाही, असा त्यांचा एकूण अनुभव होता. फसवलं जाणं ही त्यांच्या लेखी जगातली एकच लाजिरवाणी गोष्ट. भाजीवालीकडची वजनं ते तळहातावर तोलून बघत. देवळात दक्षिणा टाकली तर ती पुजाऱ्याला दिसेल अशी टाकत.

क्रिकेटचं त्यांना वेड नव्हतं. सामना असला की सगळी कॉलनी ज्याच्याकडे मोठा टीव्ही त्याच्या घरी जमे, आणि वाल्मीकराव ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसत. आत आरडाओरडा झाला की म्हणत, "आला वाटतं कुणाच्या तरी खिशावर हात." कॉलनीत काही जण सामन्यावर पैसे लावत. एकाची स्कूटर गेली, एकाने बायकोच्या पाटल्या मोडल्या. वाल्मीकराव त्यांना गाढवं म्हणत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. चुकलं ते पुढे. आपण गाढव नाही एवढ्यावर आपण शहाणे ठरतो, असं ते धरून चालले.

अठ्ठ्याण्णव साली नाशिकरोडला शेखर नावाच्या माणसाचं कॅसेटचं दुकान होतं. पुढे गाण्यांच्या कॅसेटी, मागे फोन. त्या फोनवर तो सामन्यांवर पैसे घेई. धंदा नवा, गिऱ्हाईक थोडं, म्हणून त्याने एक युक्ती काढली. जो नवा माणूस येईल, त्याला पहिल्या तीन सामन्यांना वाढीव भाव. बाजारात भारतावर रुपयाला ऐंशी पैसे मिळत असतील, तर शेखर नव्या माणसाला पुरा रुपया देई. गळाला लावायचं आमिष ते. तीन सामने गोड खायला घालायचं, मग चौथ्यापासून नेहमीच्या भावाने वसूल करायचं.

वाल्मीकरावांच्या कानावर हे आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना क्रिकेटमध्ये रस वाटला.

पंचवटीत चंदर म्हणून दुसरा एक पैसे घेणारा होता. तो वाढीव काही देत नसे, पण समोरच्या संघावर त्याचा भाव रुपयाला एक रुपया दहा पैसे असे. वाल्मीकरावांनी कागद घेतला. शेखरकडे भारतावर हजार लावायचे, चंदरकडे विरुद्ध बाजूला साडेनऊशे. भारत जिंकला तर पन्नास सुटतात, हरला तरी पंचेचाळीस सुटतात. म्हणजे कुणीही जिंको, कुणीही रडो, वाल्मीकराव वरच.

"अहो, पण सामना कुणाशी आहे?" सविताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने विचारलं.

"ते बघावं लागत नाही. तीच तर गंमत आहे," वाल्मीकराव म्हणाले.

पोळी भाजताना काकूंनी त्यांच्याकडे एकदा मागे वळून पाहिलं. "जुगारच तो."

"जुगार त्याला म्हणतात ज्यात माणूस हरू शकतो. हे गणित आहे."

हे वाक्य त्यांनी पुढची तीन वर्षं जपून वापरलं. त्यांना ते फार आवडत असे.

अडचण एकच होती. वाढीव भाव नव्या माणसालाच. तीन सामन्यांत वाल्मीक आहेर हे नाव जुनं झालं, आणि गणित बसेना. मग त्यांनी मल्हारीचं नाव दिलं. मल्हारीला अर्थात विचारलं नाही. ज्या माणसाचं दूध ते रोज तपासत, त्याचं नाव त्यांनी न तपासता वापरलं. मल्हारीचे तीन सामने झाल्यावर शेजारचा न्हावी, मग गावाकडचा चुलतभाऊ, मग वारलेले एक मास्तर. फोन स्वतः करायचा, सोमवारी दुकानात जाऊन पैसे स्वतः आणायचे, "माझ्या ओळखीचा आहे, लाजतो" म्हणायचं. प्रत्येक नावामागे शेखर तीन गोष्टी विचारी. नाव, गाव, कामधंदा.

काकूंनी एकदा त्या नावांचा कागद पाहिला. "मतदार यादी करताय का?"

"तुला कळायचं नाही."

"मला एवढं कळतं की यात एकाही माणसाला तुम्ही विचारलेलं नाही."

"विचारायचं काय त्यात? कुणाचा एक पैसा जातोय का?"

काकूंनी कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. पैसा खरंच कुणाचा जात नव्हता. उत्तर नामपूरला होतं, आणि ते यायला थोडा वेळ लागला.

बागलाणातल्या नामपूरला काकूंचा धाकटा भाऊ हिरामण मापाडी होता. कांद्याचा लिलाव झाला की गोण्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे आवारात, जातात, आणि तिथे वजन करायचं काम मापाड्याचं. वजन करणारा माणूस शेतकऱ्याचाही नसतो आणि व्यापाऱ्याचाही नसतो, निदान नसावा. हिरामणची एक रीत होती. काटा स्थिर होईपर्यंत तो हात पाठीमागे बांधून उभा राही, आणि आकडा आधी शेतकऱ्याकडे तोंड करून पुकारी. व्यापाऱ्याला तो नंतर ऐकू येई. अशा माणसाच्या नुसत्या असण्याने खळ्यावरची भांडणं निम्मी होत. बायाबापड्या गाडी घेऊन आल्या की आधी विचारत, हिरामण आहे ना?

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात वाल्मीकरावांची नावं संपत आली, तेव्हा त्यांनी शेखरला सांगितलं, "लिहा. हिरामण. नामपूर. मापाडी."

शेखरने मान वर केली. "मापाडी? कांद्याच्या बाजारातला?"

"माझा सख्खा मेहुणा."

"राव, अशी माणसं आणा ना. वजनदार." शेखरने चहा मागवला आणि पाच सामने वाढीव भाव देतो म्हणाला.

वाल्मीकराव खूश होऊन घरी आले. आपल्या बोलण्याचा प्रभाव पडला असं त्यांना वाटलं. शेखरने ते नाव कशासाठी घेतलं, हे त्यांच्या कागदावर कुठे बसत नव्हतं. नाशिकरोडला मालधक्क्यावर बागलाणातून कांद्याच्या गाड्या येत. ड्रायव्हर, व्यापाऱ्यांची पोरं दुकानात गाणी भरून घ्यायला थांबत. शेखर त्यांना म्हणू लागला, "घाबरता काय? तुमचा हिरामण मापाडीसुद्धा आपल्याकडे लावतो, एकलहऱ्याच्या दाजींच्या हातून." थोड्याशा वाढीव भावात त्याने नामपूरचं सगळ्यांत विश्वासाचं नाव जाहिरातीला घेतलं होतं. धंदा त्याला येत होता. वाल्मीकरावांना फक्त बेरीज येत होती.

महिन्याभरात ही गोष्ट नामपूरला पोचली. एका मंगळवारी मालनबाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकरणीने आपल्या गोण्या काट्यावरून खाली ओढल्या. हिरामण हात मागे बांधून उभा होता. ती काही वाईट बोलली नाही. दुसरा मापाडी येऊ दे, एवढंच म्हणाली. जो माणूस सट्टा खेळतो तो कधीतरी हरणार, हरला की त्याला पैसे लागणार, आणि मापाड्याला पैसे लागले की ते काट्यातूनच निघणार. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दुपारपर्यंत आणखी चौघांनी तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण एकलहऱ्याला आला. चपला बाहेर काढून आत आला, बहिणीने दिलेलं पाणी प्याला नाही.

"दाजी, मनं नाव तुम्ही कोठे दिधं?"

वाल्मीकरावांनी टाळाटाळ केली नाही. उलट त्यांनी गणिताचा कागद काढला. हिरामणने तो हातात घेतला नाही. मग ते म्हणाले, "बरं, तुझं नुकसान किती झालं? पाच गाड्यांचं वजन गेलं ना? तेवढी तोलाई मी भरून देतो. वर शंभर देतो."

"माले एक पैसा नको. नामपूरले या. चार लोकेस्ना समोर सांगा का हिरामणनी नाव दिधं नव्हतं, मीच वापरं. इतलंच."

"एवढंच?"

"इतलंच, दाजी. मना काटा ऱ्हायना पाहिजे."

हिरामणचा काटा राहिला पाहिजे. मागणं यापेक्षा लहान असू शकत नाही. एक वाक्य, चार माणसं. वाल्मीकराव हो म्हणाले. काकू त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, म्हणून कदाचित.

पुढच्या मंगळवारी तिघं नामपूरच्या खळ्यावर उभे होते. वारा होता. कांद्याची सालं जमिनीपासून वीतभर वर तरंगत होती, लाल, हलकी, कुणाचीच नसल्यासारखी. हिरामणने मालनबाईला हाक मारली, व्यापारी आले, हमाल गोणीवर टेकले. वाल्मीकरावांनी घसा साफ केला.

त्यांनी ते वाक्य म्हटलं. "नाव मी वापरलं." इथे थांबले असते तर या माणसाबद्दल मला काही लिहावंसं वाटलं नसतं. पण समोर वीस-पंचवीस माणसं, आणि त्यांच्या डोळ्यांत आपण जुगारी ठरतोय, ही गोष्ट त्यांना सोसेना.

"पण हा जुगार नाही, हे समजून घ्या," ते म्हणाले. गोण्यांवर खुणा करायचा खडू उचलून ते पत्र्याच्या भिंतीकडे वळले. हजार इकडे. साडेनऊशे तिकडे. भारत जिंकला तर. हरला तर. आकडे टपोरे, स्वच्छ, वीज केंद्राच्या नोंदवहीत असावेत तसे. एक-दोनदा त्यांनी ओघात "समजा हे हिरामणचे हजार" असंही म्हटलं. हिरामण त्यांच्याकडे बघत होता. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मालनबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "जवाईबुवा, म्हणजे तुम्ही बी खेळतस, नि हाऊ हिरामण बी खेळस. आसंच ना?"

"अहो बाई, खेळत नाही! यात हरायचं नसतंच!"

"आसं कुठलाबी खेळणारा म्हनस," ती म्हणाली, आणि गोण्यांकडे गेली.

मागून एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "साहेब, त्या शेखरचा फोन नंबर काय शे?"

वाल्मीकरावांचा चेहरा उजळला. भर बाजारात अखेर एक तरी हुशार माणूस भेटला होता. त्यांनी नंबर पत्र्यावर लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, "माझ्या ओळखीने गेलात तर वाढीव भाव मिळेल."

हिरामणला कुणी कामावरून काढलं नाही. नुसती हाक मारणं बंद झालं. दसऱ्यापर्यंत तो रोज काट्याशी जाऊन उभा राहिला, मग त्याने काटा सोडला आणि त्याच बाजारात हमालीला लागला. ज्या गोण्यांचं वजन तो पुकारत असे, त्या आता पाठीवर घेऊ लागला. तिथे कुणी त्याच्यावर संशय घेतला नाही. पाठीला कुणी विचारत नाही.

शेखरने वर्षभराने वाल्मीकरावांचं नाव पुसलं. त्याला हवी तेवढी गिऱ्हाइकं नामपूरहून मिळाली होती. "राव, तुमची नावं संपली," तो म्हणाला. वाल्मीकरावांनी यात अपमान मानला नाही. निवृत्तीनंतरही ओट्यावर कुणी भेटलं की ते सांगत, "तीन वर्षं दोन्ही सट्टेवाल्यांना चुना लावला. एकदाही हरलो नाही." हे अक्षरशः खरं होतं. ते कधीच हरले नाहीत. हरण्याचं काम त्यांनी मेहुण्याच्या नावावर करून दिलं होतं.

ते नामपूरला पुन्हा गेले नाहीत. काकू दर भाऊबीजेला एकट्या जात. हिरामण पाटावर बसे, ओवाळून घेई, आणि निघताना न चुकता म्हणे, दाजींना नमस्कार सांग. काकू तो निरोप घरी येऊन सांगत. वाल्मीकराव मान हलवत, जणू येणं बाकी होतं ते आलं.

दोन हजार सातच्या भाऊबीजेला काकू सकाळच्या एसटीने निघाल्या. त्या दुपारी वाल्मीकराव जेवून खुर्चीत टेकले ते उठलेच नाहीत. माझ्या आईने हाक मारली तेव्हा हात गार पडला होता. नामपूरला फोन लागला तेव्हा ओवाळणी नुकतीच झाली होती, आणि बहिणीला घेऊन पहिल्या गाडीने आला तो हिरामणच. काकूंना लोकांनी विचारलं, निघताना काही बोलले का? बोलले होते. काकू फाटकाबाहेर पडल्या तेव्हा त्यांनी ओट्यावरून हाक मारली होती आणि म्हणाले होते, "येताना त्याच्याकडून कांदे आणू नकोस. इथे स्वस्त आहेत."