इंचाची चावी

एप्रिलचा तिसरा रविवार, सकाळचा चहा झाल्यावर. हजर: मी, नवरा आणि धाकटे भावजी. डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून तीन इलेक्ट्रिक गिटारी: माझी इंडोनेशियाची, भावजींची चीनची आणि माझ्या मैत्रिणीची अमेरिकेची. मैत्रीण वर्षभर जर्मनीत होती. "तुझ्याकडे वस्तू नीट राहतात," म्हणून ती गिटार माझ्याकडे ठेवून गेली होती. महिनाअखेरीस ती परत यायची होती.

पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, म्हणून दर एप्रिलला आम्ही गिटारी घरीच दुरुस्त करतो. माझ्या गिटारीच्या फ्रेटची, म्हणजे तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन हाताला बोचत होती. ती मी बारीक कानशीने घासली. भावजींच्या गिटारीचे फ्रेट मुळातच उंचसखल बसवलेले. लाकूड मात्र माझ्या गिटारीपेक्षा बरं.

"इंडोनेशियाचा अभिमान आता खाली ठेवा, वहिनी," भावजी म्हणाले.

"गिटारी कुठल्याही देशाच्या असोत," नवरा पेपरमागून म्हणाला, "वाजवणारे तुम्हीच आहात."

मग अमेरिकेची घेतली. तिचा नेक, म्हणजे लांब दांडा, मागे वाकला होता. तारा फ्रेटला टेकून खरखरत होत्या. यावर उपाय सोपा असतो. नेकच्या पोटात लोखंडी सळई असते. तिचा स्क्रू वरच्या टोकाला असतो, तो पाव फेरा सैल करायचा. भावजी हडपसरच्या कारखान्यात मशीनवर असतात, स्क्रूला घाबरत नाहीत. माझ्या हत्यारांच्या पिशवीतली षटकोनी चावी त्यांनी स्क्रूच्या खाचेत घातली आणि पिळली. स्क्रू जागचा हलला नाही. चावीच आत घसरली.

"थांबा," मी म्हणाले.

"गंजलाय, वहिनी. जरा जोर लावतो."

"गंजला नाहीये. चावी ढिली आहे."

आमच्या दोन्ही गिटारींना मिलिमीटरच्या चाव्या लागतात, म्हणून माझ्याकडे तेवढ्याच. अमेरिकेच्या या गिटारीला इंचाच्या मापाची लागते. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढ्याने स्क्रूच्या खाचेचे कोपरे झिजतात. कोपरे गेले की स्क्रू फिरत नाही, आणि मग नेक कापावा लागतो किंवा बदलावा लागतो. टॉर्च लावून पाहिलं. एक कोपरा चकाकत होता. तो आत्ता झिजला की आधीपासून तसाच होता, ते कळेना. नवऱ्याने कप उचलले. त्याने टोमणा मारला नाही, तेव्हा मला खरी धास्ती वाटली.

दुपारी मैत्रिणीला फोन लावला, स्पीकरवर, आणि सगळं सांगितलं.

"बरं झालं लगेच सांगितलंस," ती म्हणाली. "माझं येणं दिवाळीवर गेलंय. नीट बसणारी चावी आण आणि तूच फिरव. तुझ्या दिरांना हात लावू देऊ नकोस."

"ऐकतोय मी," भावजी म्हणाले.

सोमवारी बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून इंचाची चावी आणली. ती घट्ट बसली. हलका दाब दिला, आणि त्याच कोपऱ्यापाशी ती किंचित सरकल्यासारखी वाटली. मी ती काढून घेतली. भास असेलही.

तारा सैल करून गिटार ठेवून देता येत नाही; ताण गेला तर नेक आणखी मागे जाईल. म्हणून ती रोज सुरात लावते आणि केसमध्ये ठेवते. पावसाळी हवेत लाकूड फुगेल आणि नेक आपोआप सरळ होईल, असं भावजी म्हणतात. मला भरवसा नाही. चावी आहे, स्क्रू आहे, मैत्रिणीची परवानगीही आहे. पाव फेरा तेवढा द्यायचा राहिला आहे.