न गाता मेलेला राजा

त्या रात्री नागावच्या मांडवात पहिला ‘वन्स मोअर’ ओरडला तो मी. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. गावाने तो मान रेवदंड्याहून आलेल्या कुठल्याशा टवाळ पोरांना देऊन टाकला आणि मीही तो त्यांच्याकडेच राहू दिला. विषय निघाला की मी सुद्धा मान हलवून म्हणे, “बाहेरची माणसं. त्यांना काय कळणार?”

आमच्या माणसांना काय कळत होतं तेही सांगतो.

देवळाच्या उत्सवात आमच्याकडे दरवर्षी एकच नाटक होई. संगीत नाटक, आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचं. एका राजाला कळतं की उद्या पहाटे आपण मरणार. मग रात्रभर तो भेटेल त्याला विचारत सुटतो, मरण म्हणजे काय? प्रधान पदात उत्तर देतो, साधू पदात देतो, विदूषक तर नाचूनही देतो. पहाटे राजा मरतो. मरण्यापूर्वी त्याला एक लांबलचक पद होतं. ते संपवून तो पलंगावर कोसळला की मांडव ‘वन्स मोअर’ने दणाणून जाई. मग मेलेला राजा उठायचा, मुकुट सारखा करायचा, पेटीवाल्याकडे बघून सूर धरायचा, सगळं पद पुन्हा म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. आमच्या रंगमंचावर ‘वन्स मोअर’ नाकारलेला नट झाला नव्हता. तो देवाचा हुकूम समजत. ज्या साली राजा तीनदा मरे त्या साली सुपारी चांगली धरते, असंही म्हणणारे होते.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही. मी राणी होतो.

बायकांची कामं तेव्हा पुरुषच करत आणि माझा आवाज बारीक होता. मेलेल्या राजाच्या उशाशी बसून विलापाचं पद म्हणायचं, त्यासाठी मी वर्षभर जगत असे म्हटलं तरी चालेल. उरलेल्या वर्षात मी शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेई.

राजाचं काम माझ्या मावसभावाचं. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. मुंबईला एका पेढीवर कारकून होता, उत्सवाला रजा काढून यायचा. वहिनी इथंच वाडीत असे. एका पावसाळ्यात ती तापाने गेली. मुंबईहून रेवसला येणारी लाँच बंद, त्यामुळे तार मिळाल्यावर दादा पनवेलवरून चिखल तुडवत आला. पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तिच्याजवळ शेवटी आम्ही दोघंच होतो, माझी आई आणि मी.

“कशी गेली?” त्याने विचारलं. मी सांगितलं. तिने पाणी मागितलं. मी भांडं पुढे केलं तर म्हणाली, “ठेवा तिथं भाऊजी, पिईन मग.” मग तिची बोटं पांघरुणाच्या काठावरून फिरत राहिली, कुठं टाका उसवलाय का बघावं तशी. थोड्या वेळाने थांबली. एवढंच.

पुढे प्रत्येक सुट्टीत दादा मला हेच विचारी. तोंड कुठल्या अंगाला होतं? भांडं कुठं ठेवलंस? बोटं आधी थांबली की डोळे? मला कंटाळा येई. तोही इथं लिहून टाकतो.

मग तो मुंबई सोडून कायमचा वाडीत आला, आणि एका वर्षी म्हणाला की नाटक आपण नव्याने बसवू. लोकांना वाटलं, मुंबईहून पडदे येणार. आलं काहीच नाही. त्याने विदूषक काढला, साधू काढला, पदं जवळजवळ सगळी काढली. माझा विलापही.

“मग मी काय करायचं?” मी विचारलं.

“पाणी आणायचं. भांडं ठेवायचं. बसायचं.”

“मुकाट?”

“तू मुकाटच बसला होतास ना?”

मी घसा बसल्याचं कारण सांगून काम सोडलं. राणी दुसऱ्या कुणाला दिली. नाटकाच्या दिवशी मी नीट जेवून, पान खाऊन, मांडवात पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

चौल, रेवदंडा, थेट अलिबागपासून बैलगाड्या आल्या होत्या. घरून उशा आणलेली माणसं, कारण जुनं नाटक उजाडेपर्यंत चाले. सुरुवातीला त्यांनी सोसलं. मग कुजबुज सुरू झाली, “पद कुठाय?” माझ्या मागे एक बागायतदार बसले होते. ते दर थोड्या वेळाने मोठ्याने जांभई देत, म्हणजे आपल्याला नाटकातलं कळतं हे सगळ्यांना कळावं.

शेवटचा प्रवेश आला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात राजा पलंगावर पडलेला, मुकुट नाही, अंगावर साधं पांघरूण. राणीने पाणी आणलं. दादा म्हणाला, “ठेव तिथं. पिईन मग.”

“प्या हो महाराज, गार होईल!” मागून कुणीतरी.

“गूळ देऊ का बरोबर?” दुसरा.

हशा पिकला. दादाने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याची बोटं पांघरुणाच्या काठावरून चालू लागली, आणि हळूहळू मांडव गप्प झाला. हे मी शपथेवर सांगतो, मांडव गप्प झाला होता. जांभया सुद्धा थांबल्या. समोर दादा नव्हता. वहिनी होती. माझ्या तोंडचे शब्द घेऊन त्याने जे न पाहिलेलं ते उभं केलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती. बोटं थांबली.

त्या शांततेत मी ओरडलो, “वन्स मोअर!”

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली की ते मला सोसवेना म्हणून ओरडलो. खोटं आहे. मला माझं पद हवं होतं. माझ्या विलापावर जो मांडव हुंदके द्यायचा तो माझ्याविना, गाण्याविना असा गप्प बसलेला मला बघवेना.

मग काय, सगळा मांडव सुटला. वन्स मोअर, वन्स मोअर! शिट्ट्या, टाळ्या, उशा उडाल्या. दादा क्षणभर तसाच पडून राहिला. मग उठून बसला. आमच्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, पडदा पाडायला सांगेल. त्याने राणीला खूण केली. पुन्हा पाणी आलं. पुन्हा तो म्हणाला, “ठेव तिथं. पिईन मग.” पुन्हा बोटं. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. ते आटपल्यावर पुन्हा ‘वन्स मोअर’, आणि तो पुन्हा उठला. हुकूम पाळायचा इतकंच त्याला ठाऊक होतं. पडदेवाल्याला शेवटी लाज वाटली असावी, त्याने पडदा टाकला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर जी मतं ऐकली त्यांची मला आजही शिसारी येते, माझ्या मतासकट.

“मृत्यू हा भारदस्त विषय आहे,” पेन्शनीतले एक कारकून म्हणाले. “त्याला आवाज लागतो. हा राजा की दमेकरी?”

“तोंडात गंगा नाही, तुळशीपत्र नाही,” भटजींनी खंत केली. “असा मेला तर सुटेल कसा?”

बागायतदारांना वेळेचं वाईट वाटलं होतं. “इतक्या लवकर घरी जाऊन करायचं काय? गडीमाणसंही जागी होती हो अजून.”

मासळीची पाटी घेऊन आलेली एक कोळीण तेवढ्यात थांबली आणि म्हणाली, “आमी पोरंबाळं घेऊन रडाया आलो व्हतो. रडूच दिलं न्हाय.”

“तर! खऱ्या मरणाला असं असतं का कुठं?” हे वाक्य माझं.

याच माणसांनी मानमोडी तापाच्या साथीत घरटी मयतं उचलली होती. तिरड्या बांधायला बांबू पुरले नव्हते. भटजींचा थोरला मुलगा त्यांच्या मांडीवर गेला, आणि तो काही गाऊन गेला नव्हता. त्या कोळणीने नवरा गमावलेला, त्यानेही शेवटी काही भाषण केलं नसणार. पण मरण कसं असतं हे ठरवायची वेळ आली की घरात पाहिलेलं कुणाच्या कामी आलं नाही. मरण म्हणजे मुकुट सरळ करून पुन्हा पडणं, यावर पारावर एकमत होतं. आणि त्या एकमताचा पुढारी मी, ज्याने वहिनीच्या उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं होतं.

पारावरून मी वाडीत गेलो. दादा रहाटाशी तोंड धूत होता. कानामागे रात्रीच्या रंगाचा सफेदा राहिला होता.

“समोरच बसला होतास ना?” तो म्हणाला.

“हो.”

“लोकांचं जाऊ दे. तू तिथं होतास. तसंच होतं ना?”

यासाठी त्याने सगळं केलं होतं. नाटक, पदं काढणं, गावाचा रोष, सगळं याच प्रश्नासाठी. आपण बायकोच्या मरणाला पोचलो नाही, निदान ते नीट कळलं का, एवढं त्याला हवं होतं. आणि उत्तर देऊ शकणारी माणसं दोनच. त्यातली माझी आई तोवर गेलेली.

मी म्हणालो, “लोकांना नाही आवडलं, दादा.”

त्याने मान डोलावली आणि ओंजळभर पाणी पुन्हा तोंडावर मारलं.

पुढल्या वर्षी जुनं नाटक परत आलं. राजा दुसरा, राणी मीच. राजा तीनदा मेला, माझ्या विलापालाही ‘वन्स मोअर’ मिळाला, आणि पेन्शनीतल्या कारकुनांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. दादा मांडवात आला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. वहिनीबद्दलही मला त्याने पुन्हा काही विचारलं नाही. मध्यंतरी एकदा सुपारी सोलत बसलो असताना आपणहून म्हणाला, “मला वाटतं मी भलतंच समजून बसलो होतो रे. तू सांगितलंस एक, मी धरलं एक.” मी हातातली सुपारी सोलत राहिलो.

आता माझे केस पिकलेत, त्याचे तर पांढरेशुभ्र झालेत. आमच्या वाड्यांमध्ये एक कुंपण आहे, आणि रोज सकाळी त्यावरून नारळांचं, पाण्याचं बोलणं होतं. तसंच होतं, दादा, अगदी तसंच, त्यात काही चुकलं नव्हतं: हे उत्तर मी त्याला अजून देणं लागतो.